मंगळवारी केवळाबाई विचारतात

विष्णुपुरी, नांदेड
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

ती. सौ. अक्कास,

विरूपाक्षचा शरणार्थ. दाजींनाही सांग. ऋतुजाची बारावी कशी चालली आहे? तुझी राखी मिळाली. पाकिटात तू घातलेली विभूतीची पुडी वाटेत फुटली होती, राखी सगळी पांढरी झाली होती. तशीच बांधली.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडलीस, असं राजकन्यानं कळवलं. अक्का, फोनवर माझा आवाज अडकतो. समोर माणूस असलं तर निभतं. फोन कानाला लावला की पहिलाच शब्द घशात बसतो आणि पलीकडचं माणूस हॅलो हॅलो करत राहतं. राजकन्या बायको असून तिच्याशीसुद्धा मी मेसेज लिहूनच बोलतो. तुमच्या घरचा फोन दाजींच्या खिशात. मेसेज केला तर तो तेच वाचणार. म्हणून पत्र. तू सातवीपर्यंत शिकलीस, माझं अक्षर तुला लागतं. ऋतुजाकडून वाचून घेऊ नको. सावकाश वाच, पण तूच वाच.

माझं बरं चाललं आहे. कॉलेजच्या पोरांची खाणावळ आहे, तिथं दोन्ही वेळच्या पोळ्या मी लाटतो. बावीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाच्या हातात लाटणं आलं म्हणून हसू नको. मालक माणूस चांगला आहे. राहायला वरची खोली दिली आहे. पोरं मला मामा म्हणायची, मी त्यांना सांगितलं, मला नावानं हाक मारा. आता विरूअण्णा म्हणतात. रस्ता ओलांडायला मात्र अजून वेळ लागतो. बाजारात जायचं झालं की कुणाच्या तरी मागं मागं जातो.

तब्येतीचं राजकन्यानं तुला सांगितलंच असेल, बीपीचं. कुणी विचारलं तर तसंच सांग.

खरं म्हणजे बीपी नाही. जुलैत एकदा सकाळी दूधवाल्यानं खाणावळीच्या फरशीवर रिकामा कॅन आपटला आणि मी टेबलाखाली गेलो. कसा गेलो ते आठवत नाही. मालक सांगतात, पंधरा मिनिटं मी बाहेर येईना, अंग घामानं भिजलेलं आणि दोन्ही हात पुढं धरलेले, गाडी चालवताना धरतात तसे. त्यांनीच मला दवाखान्यात नेलं. छातीची पट्टी, ईसीजी, काढली. डॉक्टर म्हणाला, हृदय ठणठणीत आहे. मग कागदावर काहीतरी लिहून त्यानं मला वरच्या मजल्यावर पाठवलं. दारावरची 'मानसोपचार' ही पाटी वाचून मी जिन्यातूनच परत फिरलो होतो, पण मालकांनी दंड धरून आत नेलं.

तिथं पंचशीला मॅडम आहेत. औषध देणारा डॉक्टर वेगळा, या नुसत्या बोलतात आणि ऐकतात. मुखेडकडच्या आहेत, आपल्यासारखंच बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "झोप किती लागती?" म्हणालो, तीन तास. "कधीपासून?" म्हणालो, डिसेंबरपासून. डिसेंबरात काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. उलट मला काय काय होत असेल ते त्यांनीच सांगितलं. हॉर्न ऐकला की दचकून मागं सरणं, जेवणाला चव नसणं, बोलता बोलता शब्द अडकणं. म्हणाल्या, "मार लागला की सूज येती ना, तशी ही सूज हाय. उतरती. पण आपून तिला झाकून ठेवली तर उतरत न्हाई."

दर मंगळवारी अकरा वाजता त्या अपघातातल्या लोकांना एकत्र बसवतात. गोल खुर्च्या. एक रिक्षावाला आहे, त्याचा पाय गेला. एक शाळामास्तरीण आहे, जीप उलटून तिच्या सोबतची तिघं गेली आणि तिला खरचटलं पण नाही. ती फक्त एवढंच म्हणते, "मलाच कामून सोडलं?" आडनाव विचारायचं नाही, वाटलं तर बोलायचं, नाही तर बसून राहायचं, असा नियम आहे. मी बसून राहतो. मी ड्रायव्हर होतो आणि एक अपघात पाहिला, एवढंच त्यांना सांगितलं आहे.

काल एक नवीन बाई आल्या. साठीच्या असतील. लेक सोबत होती. त्या बोलायला लागल्या आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो तो परत आत गेलो नाही. असो.

पोळा आला. बैलांच्या शिंगांना रंग द्यायला यंदा मी नाही.

अक्का, त्या दिवसाबद्दल तू कुणाशी काही बोलली नाहीस ना? मी बोललेलो नाही.

तुझा लहाना,
विरू


विष्णुपुरी, नांदेड
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

ती. सौ. अक्कास,

शरणार्थ. तुझं पत्र पोचलं. चारच ओळी, पण तुझं अक्षर मी वीस वर्षांनी पाहिलं. 'तिथं जाणं बंद कर. वेड्याच्या दवाखान्यात जातो म्हणून गावात कळलं तर ऋतुजाला स्थळ येणार नाही. झालं ते झालं. तू सांगितलंस तसं मी ऐकलं, आता मी सांगते तसं तू कर.' असं तू लिहिलंस. महालक्ष्म्यांच्या धामधुमीत वेळ काढून लिहिलंस, म्हणजे तुला किती भीती वाटली असेल ते कळतं.

मागच्या पत्रात ज्या बाईंचं लिहिलं होतं, त्या केवळाबाई आहेत.

हो, त्याच. शिवशंकरची आई. चाकूरकडच्या त्यांच्या घराला कुलूप लावून लेकीनं, दीपमालानं, त्यांना इकडं नांदेडला आणलं. रोज सकाळी आठ वाजता त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या, गाड्या थांबवून ड्रायव्हरांना विचारायच्या. शेवटी इथल्या डॉक्टरनं या मंगळवारच्या बैठकीत पाठवलं. त्या मला ओळखत नाहीत, अक्का. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला ठाण्यात हजर केलं, जामीन झाला, तारखा पडल्या, पण त्या एकदाही कोर्टात आल्या नाहीत. त्यांनी मला पाहिलेलंच नाही. त्यांना एवढंच माहीत आहे की ११ डिसेंबरला सकाळी सोयाबीनच्या टेम्पोनं त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलला धडक दिली, तो डेअरीला दूध घालून रिकामे कॅन घेऊन फाट्यावरून येत होता, आणि टेम्पोचा ड्रायव्हर तुरीतून पळून गेला.

गणपतीतल्या मंगळवारीसुद्धा बैठक झाली. मी गेलो होतो. जाऊ नये असं मनात होतं, पण गेलो नाही तर मॅडम विचारतील म्हणून गेलो. केवळाबाई माझ्या बरोबर समोर बसल्या. त्या काय बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो.

"समदे म्हन्त्यात, माजं लेकरू जागेवर गेलं. हाटेलातली मान्सं धावत आली तवा त्यो गेलेलाच व्हता. डायवरनं बी पोलिसाला तसंच लिहून दिलं. माज्यापाशी बसाया एक बाई आल्ती, लक्ष्मीबाई नावाची, लई मायाळू. तिनं माजं डोस्कं मांडीवर घेतलं अन् सांगटलं, 'मावशे, जागेवरच गेलं गं लेकरू, त्याला तरास न्हाई झाला.' मी तिचं खरं धरलं. त्याच्यावरच दोन दिस पाणी पेलं. मग दवाखान्यातून त्याचे कपडे आले. त्याच्यात हे व्हतं."

त्यांनी पिशवीतून एक लहान प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात कापडाचा तुकडा होता.

"त्याच्या मुठीत व्हतं. मूठ सोडवून काढलं म्हनून सांगटलं तिथल्या नर्सनं. त्याच्या अंगावर पांढरा शर्ट व्हता. हे निळं चौकड्याचं हाय. मेलेलं मानूस कापड धरतंय का? म्हंजी कोन तरी व्हतं त्याच्यापाशी. मग त्यो काही बोलला असंल का? एवढंच मला सांगा कोन्ही."

मॅडम त्यांना म्हणाल्या, ठेवून द्या मावशी ते. पण त्यांनी तो तुकडा शेजारच्या मास्तरणीच्या हातात दिला. तिनं बघून पुढं दिला. असा तो एकेकाच्या हातातून गोल फिरत आला. रिक्षावाल्यानं उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "शर्टाचा खिसा हाय ह्यो. शिलाई बघा की." आणि त्यानं तो माझ्या हातात दिला.

मी तो धरला. किती वेळ धरला ते माहीत नाही. सगळ्यांना वाटलं मी नीट बघतो आहे. केवळाबाई म्हणाल्या, "तुमी गाडी चालवत व्हते ना दादा? तुमास्नी काय वाटतं?"

मी मान हलवली आणि तुकडा पुढच्या माणसाला दिला.

त्यानंतरच्या मंगळवारी, म्हणजे काल, मी पुन्हा गेलो. कामून गेलो ते मलाच माहीत नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. दर मंगळवारी त्या तेच विचारतात. उठताना मॅडमनी मला दाराशी थांबवलं. "विरूपाक्ष, तुमी त्यांच्याकडं बघत न्हाईत. बाकी समद्यांकडं बघता." मी म्हणालो, घाई आहे, पोळ्या राहिल्यात.

अक्का, मी ठरवलं आहे. हैदराबादला आपल्या टेम्पोच्या धोंडप्पा मालकांच्या ओळखीचं एक गोदाम आहे, तिथं हमाली मिळते. मालकांशी मेसेजवर बोलणं झालं, ते म्हणाले, लगेच निघ, केस संपेस्तोवर इकडं तोंड दाखवू नको, तारखेचं वकील बघून घेईल. शनिवारी निघतो. राजकन्याला आत्ता काही सांगू नको. तू म्हणतेस तसंच करतो आहे, दवाखाना बंद. आता तरी तुझ्या जिवाला घोर नको.

उत्तर पाठवू नको, पत्ता बदलेल.

तुझा,
विरू


विष्णुपुरी, नांदेड
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

अक्का,

खिसा बाभळीला अडकला नव्हता.

त्या दिवशी मी तुझ्या शेतातल्या घरी आलो तेव्हा तू दारात तांदूळ निवडत होतीस. मला बघून तू आधी पाणी दिलंस आणि मग विचारलंस, "खिसा कशानं फाटला रे?" मी म्हणालो, बाभळीला अडकला. तू तो शर्ट हातात घेऊन उजेडात नेलास. त्याच्यावर रक्ताची बोटं उमटली होती, चार, इथं छातीवर. तू पाहिलीस. मी तुला बघताना पाहिलं. दुसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. शर्ट चुलीत घातलास, माझ्यापुढं ताट ठेवलंस आणि म्हणालीस, "जागेवर गेला ना? मग तेच सांगायचं. कुणालाबी." मी हो म्हणालो. दहा महिने झाले, आपण दोघांनी ते एकमेकांनासुद्धा सांगितलेलं नाही. आता सांगतो.

गाडी माझ्या बाजूनं होती, वेग बेताचा होता. तो फाट्यावरून एकदम वर आला. पंचनाम्यात आहे ते तेवढं खरं आहे. धडक बसली आणि कॅन रस्त्यावर वाजत वाजत कितीतरी लांब गेले. मी उतरलो. तो रस्त्याच्या कडेला पडला होता, डोळे उघडे. मला बघून म्हणाला, "मामा, माझी चप्पल कुठाय?"

मी खरंच चप्पल शोधली. तुरीच्या कडेला होती. आणून त्याच्या पायात घातली. मग त्याच्यापाशी बसलो. त्यानं माझा खिसा धरला. एक कार हळू झाली आणि गेली. मी फोन काढला आणि पहिला फोन रुग्णवाहिकेला केला नाही, अक्का. धोंडप्पा मालकांना केला. ते म्हणाले, "मेला का?" मी म्हणालो, न्हाई. "मग कामून थांबलास तिथं? लोकं जित्ता सोडणार न्हाईत तुला. नीघ." तरीही मी बसलो होतो, पण नुसता बसलो होतो. दुसरा फोन केला नाही. दहा मिनिटं गेली असतील. मग वळणाकडून ओरडा ऐकू आला, माणसं पळत येताना दिसली, दोघांच्या हातात काठ्या होत्या. मी उठायला लागलो. तो म्हणाला, "मामा, जाऊ नका." मी त्याची बोटं सोडवायला गेलो, ती सुटेनात. मग मी झटका दिला.

ती माणसं पोचेपर्यंत तो गेलेला होता. मधली तीन-चार मिनिटं तो एकटा होता.

शनिवारी मी बॅग घेऊन स्टेशनवर गेलो होतो. फलाटावर बसलो असताना खाणावळीच्या मालकांचा मेसेज आला, की मॅडम खाणावळीत चौकशीला आल्या होत्या, मी निघालो ते मालकांनीच त्यांना सांगितलं. मग पंचशीला मॅडमचा फोन आला. मी उचलला. आवाज निघेना. त्यांनी एकदाच म्हटलं, "मी हाय. येळ घ्या." आणि मग त्या हॅलो म्हणाल्या नाहीत, काहीच म्हणाल्या नाहीत. गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली, त्यांनी फोन ठेवला नव्हता. शेवटी माझ्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो 'खिसा.'

त्या स्टेशनवर आल्या. एका बाकावर बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी मला चांगलं किंवा वाईट काहीच म्हटलं नाही. मी विचारलं, "लगेच फोन केला असता तर तो वाचला असता का?" त्या म्हणाल्या, "मला ठाऊक न्हाई. तुम्हाला बी कधी कळणार न्हाई. ते न कळणं घेऊनच ऱ्हावं लागतंय." खोटा धीर दिला असता तर मी त्या दिवशी दुसरी गाडी पकडली असती.

मी म्हणालो, मंगळवारी सगळ्यांसमोर सांगतो. त्यांनी साफ नाही म्हटलं. "तुमचं ओझं उतरवायला त्यांना वापरायचं न्हाई. त्यांना ऐकायचं हाय का, ते आधी त्यांना विचारू." आधी वकिलाशी बोला, असंही त्यांनीच सांगितलं. वकील चिडला. म्हणाला, एवढ्यानं केस पालटते, तुला कुणी विचारलं होतं का? मी म्हणालो, एक बाई दर मंगळवारी विचारतात.

मॅडमनी केवळाबाईंना आणि दीपमालाला वेगळं बोलावलं. एक माणूस आहे, त्याला त्या दिवसाचं माहीत आहे, ऐकायचं का, कधी, कुठं, ते तुम्ही ठरवा, नको म्हणालात तरी काही बिघडत नाही, असं सांगितलं. केवळाबाई म्हणाल्या, "आत्ताच." मॅडमनी तरी दोन दिवस मध्ये घेतले.

मी खोलीत गेलो तेव्हा त्या मला बघून म्हणाल्या, "या दादा, तुमी बी ऐकाया आलाव का?"

अक्का, मी त्या वाक्यानंतर उभाच राहिलो. मग म्हणालो, "मावशी, तो शर्ट माझा होता."

दीपमाला उठली. "म्हणजे तुम्ही त्या दिवशी आईनं दिलेलं कापड हातात घेऊन बसला होतात? आई तुम्हाला दादा म्हणत होती आणि तुम्ही ऐकत होतात?" तिनं माझ्या अंगावर हात उगारला होता. मॅडम मध्ये आल्या. केवळाबाई म्हणाल्या, "बस गं. बोलू दी त्याला."

मी सगळं सांगितलं. आवाज दोनदा अडकला, त्या थांबल्या. मालकांना फोन केला तेही सांगितलं. झटका दिला तेही सांगितलं. चपलेचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "घावली का मग?"

"हाव. घातली त्याच्या पायात."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. मग पदराआडून विचारलं, "दुखत व्हतं का त्याला?"

न्हाई, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तू सांगितलंस तेच. मी म्हणालो, "हाव. दुखत होतं."

त्या उठल्या आणि लेकीचा हात धरून निघून गेल्या. पुढचे दोन मंगळवार त्या आल्या नाहीत. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. मॅडम रोज एकदा फोन करायच्या, जेवलात का एवढंच विचारायच्या, आणि गोळ्या खाणावळीच्या मालकांकडं ठेवायला लावल्या होत्या. त्याच्यावरून समजून घे.

मग त्यांचा निरोप आला. मला ती जागा दाखव.

गुरुवारी आम्ही गेलो. केवळाबाई, दीपमाला, मॅडम आणि मी. मी दहा महिन्यांत पहिल्यांदा एसटीत बसलो. अहमदपूरपर्यंत डोळे मिटून होतो. पुढं मॅडम म्हणाल्या, डोळे उघडून झाडं मोजा, तशी मोजली. चाकूरला उतरून रिक्षा केली आणि फाट्यावर उतरलो. यंदाही तिथं तूरच आहे.

मी जागा दाखवली. केवळाबाई तिथंच खाली मातीत बसल्या. मला म्हणाल्या, "तू कुठं बसला व्हतास?" मी दाखवलं. "बस मग. मी ऊठ म्हनंपर्यंत उठायचं न्हाई."

बसलो. एकेक गाडी अंगावरून गेल्यासारखी जायची. त्या रस्त्याकडं नाही, समोरच्या मातीकडं बघत होत्या. दीपमाला लांब उभी होती, पाठ करून.

मग हॉटेलाकडून माणसं यायला लागली. तिघं होते. बाई रस्त्याच्या कडेला बसलेली बघून आले असतील. त्यातल्या एकानं केवळाबाईंना ओळखलं. "मावशे, कधी आलीस? अन् ह्यो कोन?"

केवळाबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

माझे पाय आपोआप उठायला लागले होते, अक्का. तूर चार पावलांवर होती. मी म्हणालो, "मी टेम्पोचा डायवर."

शब्द अडकला नाही. त्या माणसानं माझी गचांडी धरली आणि मला अर्धा उचलला. दुसरा म्हणाला, "हाच का त्यो? अन् इथं येऊन बसलाय व्हय?" एक थप्पड बसली, कानावर. मी हात वर केला नाही. मी पुन्हा खाली बसलो.

"सोड त्याला." केवळाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मी बसवलंय."

ती माणसं थोडा वेळ उभी राहिली आणि बाजूला जाऊन थांबली. आम्ही बसून राहिलो. ऊन डोक्यावर आलं. किती वेळ झाला ते मी पाहिलं नाही, दहा मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त झाला. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मला म्हणाल्या, "ऊठ."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मागितलंही नाही. येताना एसटीत माझ्या पुढच्या सीटवर त्या लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. दीपमाला म्हणाली, गाडीत आई डिसेंबरनंतर पहिल्यांदा झोपली. ते ती मला म्हणाली नाही, मॅडमना म्हणाली. मी ऐकलं.

पुढच्या तारखेला मी कोर्टात सगळं सांगणार आहे. काय व्हायचं ते होईल. धोंडप्पा मालकांनी मेसेजवर दम दिला, तो मी वकिलाला दाखवला. राजकन्या परवा येऊन गेली. तिला आधीच संशय होता म्हणाली. लाटलेल्या पोळ्या मोजून हसली, मग रडली. नोव्हेंबरात मी लातूरला, तिच्याकडं, परत जाईन. गाडी चालवणार नाही, इतक्यात तरी नाही.

आता तुझं. कोर्टात तुझं नाव मी आपणहून घेणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही.

पण एक गोष्ट झाली आहे. एसटीतून उतरताना केवळाबाईंनी मला विचारलं, "ती लक्ष्मीबाई तुजी कोन?" मी त्या खोलीत तुझं नाव घेतलं नव्हतं. तुरीतून पळून बहिणीच्या शेतात गेलो, एवढंच म्हणालो होतो. त्यांनी त्याच्यावरून जुळवलं. मी म्हणालो, "माझी अक्का." त्या म्हणाल्या, "तिला ठावं व्हतं का, माजं डोस्कं मांडीवर घेतलं तवा?"

मी म्हणालो, ते तिलाच विचारा.

त्या दिवाळीच्या आधी तुझ्याकडं येणार आहेत. भांडायला येत आहेत असं मला वाटत नाही, पण काय म्हणतील ते मला सांगता येत नाही. तू घरी नाहीस असं ऋतुजाला सांगायला लावू नको. दाजी म्हणतात, बाजारला जायचं झालं की तू फाटा टाळून तीन कोसांचा वळसा घालायला लावतेस, आणि कारण विचारलं की चिडतेस. अक्का, मला जे होतं ते तुलाही होतं आहे. मॅडमना मी तुझ्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, मंगळवारी एक खुर्ची जास्त मांडायला काही लागत नाही. तुला नेता येईल, एसटीत मी सोबत बसेन.

तेवढं पुढचं. आधी त्या येतील. पाणी दे, बसायला दे, आणि त्यांनी विचारलं की खरं सांग. मला सांगायला दहा महिने लागले. तू तेवढे घेऊ नको.

तुझ्या चुलीपाशी बसून जेवलेला,
विरूपाक्ष